मेरा, लेंगी आणि जिंगल बेल्स

मानोरा तालुक्यात सणाची गाणी घरोघर जाऊन म्हणायची रीत आहे, पण तिची रात्र २४ डिसेंबरची नाही; आश्विन अमावस्येची आहे. गावात लक्ष्मीपूजन आटोपून पोरं फटाके घेऊन अंगणात उतरतात, त्याच सुमाराला गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात लग्न व्हायच्या मुली नवे कपडे घालून जमतात. हातात दिवे असतात. पहिलं दार नायकाचं, मग कारभाऱ्याचं, मग ओळीनं सगळ्या तांड्याचं. दारात उभं राहून त्या गातात. गाण्याचा मजकूर मोजका आहे: वर्षाचा मोठा सण आला, आणि हे ओवाळणं या घरातल्या आईला, बापाला, भावाला. याडी झाली की बापू, बापू झाला की भिया, मग भावजय. घरात जितकी माणसं तितक्या वेळा तेच गाणं, फक्त नातं बदलतं. ज्याचं नाव निघालं ते माणूस पुढे येतं, ताटात नाणं किंवा नोट टाकतं, आणि घोळका पुढच्या दाराकडे निघतो. याला मेरा म्हणतात.

नाताळच्या आठवड्यात इंग्लंड-अमेरिकेतल्या गल्ल्यांमधून हेच चालत आलं. त्याला कॅरल म्हणतात. कॅरलवर ग्रंथ आहेत, चित्रपट आहेत, दर डिसेंबरात नव्याने विकली जाणारी ध्वनिमुद्रणं आहेत. मेऱ्याच्या वाट्याला यातलं फारसं काही आलेलं नाही. या लेखात दोन्ही आहेत, पण माझा कल मेऱ्याकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

मानोरा हे वाशिम जिल्ह्याच्या पूर्वेकडचं तालुक्याचं गाव. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हा तालुका इकडे आला. पलीकडे दिग्रस, दारव्हा, पुसद, म्हणजे यवतमाळ जिल्हा. मधून अरुणावती वाहते. रेल्वे नाही. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कपाशी. आणि माळाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याला तांडे. गावाचं जे नाव, तेच पुढे ‘तांडा’ जोडून वस्तीचं. पाटी नसली तरी वस्ती ओळखू येते, कारण घरं एकमेकांना धरून असतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्यांचा मुक्काम रात्री असाच पडत असे. याच तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी असलेली, बंजारा समाज जिला आपली काशी म्हणतो. शेजारच्या पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं गाव. १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद याच समाजातल्या माणसाकडे होतं. एवढी मोठी माणसं आणि एवढं मोठं तीर्थ असूनही तांड्याबाहेरच्या किती जणांना मेरा माहीत आहे? मानोऱ्याच्या बाजारपेठेत विचारून बघावं. जिंगल बेल्स मात्र बालवाडीतलं पोरही म्हणून दाखवील.

जिंगल बेल्सबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते नाताळचं गाणंच नाही. जेम्स पिअरपॉन्ट नावाच्या अमेरिकन माणसाचं ते गाणं १८५७ मध्ये बॉस्टनला छापलं गेलं तेव्हा त्याचं नावही वेगळं होतं. त्यात ना येशू, ना मरिया, ना तारा, ना गोठा. बर्फावरून एका घोड्याची घसरगाडी पळवणाऱ्या तरुण मंडळींची ती मौज आहे. गाणं लोकप्रिय झालं, थंडीचं होतं, म्हणून नाताळात जाऊन बसलं. पुढे १६ डिसेंबर १९६५ ला जेमिनी ६ यानातल्या दोघा अंतराळवीरांनी छोटा माउथऑर्गन आणि घुंगरं वाजवून तेच गाणं पृथ्वीच्या कक्षेतून ऐकवलं. अंतराळात वाद्यांवर वाजलेलं ते पहिलं गाणं ठरलं. ज्याला वऱ्हाडात गारपिटीपलीकडे बर्फ ठाऊक नाही असं पोर गॅदरिंगमध्ये कापसाची दाढी लावून हे गाणं म्हणतं, यात हसण्यासारखं काही नाही. सणाची गाणी अशीच फिरतात. कुणाचं गाणं कुणाच्या सणात जाऊन बसेल याला नियम नसतो.

मूळ कॅरलची कुंडली मात्र वेगळी, आणि ती तांड्याच्या जवळची आहे. इंग्लंडमध्ये ही गाणी बराच काळ देवळाबाहेरची होती. गावातले गरीब लोक नाताळच्या दिवसांत जमीनदाराच्या, शेतकऱ्याच्या दारात जात, गात, आशीर्वाद देत, आणि बदल्यात खायला-प्यायला मागत. धर्मगुरूंना हा प्रकार फारसा पसंत नव्हता. प्युरिटन पंथीयांच्या हाती सत्ता आली तेव्हा १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली. तरी गाणी टिकली, कारण ती छापील पुस्तकात नव्हती, लोकांच्या पायांत होती. चर्चने त्यांना सन्मानाने आत घेतलं ते फार उशिरा. १८८० मध्ये ट्रुरो इथल्या बिशप बेन्सन यांनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाचन आणि कॅरल यांची जोड घालून प्रार्थना ठेवली. त्या रात्री माणसं दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत हा त्यांचा हेतू होता, असं सांगतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८ मध्ये ती पद्धत उचलली आणि १९२८ पासून रेडिओने ती जगभर नेली. आज आपण मोबाइलवर पाहतो ती पांढऱ्या झग्यातली मुलं आणि मेणबत्त्या एवढ्या अलीकडच्या आहेत. त्याआधीची शेकडो वर्षं चिखलाचे रस्ते आणि बंद दारं यांची होती.

‘सायलेंट नाइट’ची गोष्ट तर तांड्यात सांगितली तर लगेच पटेल. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ ला योझेफ मोर या तरुण पाद्र्याची कविता आणि फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची चाल एकत्र आली, आणि दोघांनी ती गिटारवर म्हटली. लहान गावातलं गाणं तिथेच राहिलं असतं. ते बाहेर काढलं झिलरताल खोऱ्यातल्या फिरत्या गायक कुटुंबांनी. त्यांतलं स्ट्रासर कुटुंब हातमोजे बनवून जत्रांमधून विकणारं. माल घेऊन ते लाइपझिगच्या बाजारात गेले, १८३१-३२ च्या सुमारास तिथे गायले, आणि गाणं जर्मनीभर झालं. व्यापाराचा माल आणि गाणं एकाच वाटेनं जातात, हे बंजाऱ्यांना कुणी शिकवायला नको. लदेणीच्या बैलांमागे चालणाऱ्या बायांनी राजस्थानी वळणाची बोली आणि तिच्यातली गाणी आंध्रापासून वऱ्हाडापर्यंत अशीच आणली.

इथे कुणी म्हणेल की नाताळ मानोऱ्यापासून फार लांबचा. तसं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशिमला, १९३० च्या दशकात डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी चर्च ऑफ द नाझरीन या मिशनसाठी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि तीस वर्षांनी पुण्याला जाईपर्यंत तिथेच होती. म्हणजे मानोऱ्याच्या दोन्ही बाजूंना नाताळची मराठी गाणी म्हणणारी माणसं होती. ती ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून गात. त्या पुस्तकात मोठा वाटा आहे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकिकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. टिळकांच्या आधी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टाळ, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तेच. आख्यान तेवढं येशूचं. आणखी मागे गेलं तर गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. ख्रिस्तजन्म मराठीत पहिल्यांदा थाटात सांगितला गेला तो ओवीत, आणि सांगणारा माणूस इंग्रज होता.

मिशनऱ्यांनी भाषांतरित केलेली गीतं परदेशी चालींवर म्हणताना मराठी ऱ्हस्व-दीर्घांची जी ओढाताण होते, ती कानाला आजही खुपते. जिथे ऱ्हस्व हवा तिथे सूर रेंगाळतो, जिथे दीर्घ आहे तिथे घाई. टिळकांना हे कळलं होतं म्हणून ते अभंगाकडे गेले. माझ्या मते मराठी नाताळसंगीतातलं जे टिकाऊ आहे ते याच वाटेवरचं. बाकीचं डिसेंबरापुरतं.

जाता जाता: तुमच्या हातातला हा अंकही नाताळचा थोडासा नातलगच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक पाहून, असं सांगितलं जातं. तेव्हा दिवाळी अंकात नाताळ आला म्हणून कुणी दचकू नये.

आता पुन्हा तांड्यात.

मेरा गाताना मुली खांद्याला खांदा लावून चालतात. त्याला कारण आहे. हातातला दिवा वाऱ्याने जाऊ नये म्हणून मोकळ्या हाताचा आडोसा धरावा लागतो. शेजारणीचा पदर जवळ असला की तोही उपयोगी पडतो. दोन दारांच्या मधल्या अंधारात खिदळणं, एकमेकींना ढोसणं, कुणाच्या दिव्यात तेल कमी यावरून बोलाचाली. आणि दार आलं की सगळ्या एकदम संथ लयीत. चाल उड्या मारणारी नाही. ती लांबवत न्यायची असते, शेवटच्या अक्षरावर खाली उतरणारी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, सण असून ही चाल अशी का? आनंदाचं गाणं आहे की विरहाचं?

दोन्हीचं आहे. मेरा कुमारिकांचा. पुढच्या वर्षी यांतली एखादी दुसऱ्या तांड्यात सून झालेली असेल, आणि या दारात उभं राहून याडी म्हणून हाक मारायचा तिचा हक्क संपलेला असेल. तिला हे माहीत असतं, दारातल्या आईलाही. तांड्यातल्या म्हाताऱ्या मेऱ्याच्या वेळी डोळ्याला पदर लावतात तो उगाच नाही. दुसऱ्या दिवशी हे आणखी उघड होतं. सकाळी घराघरांत धबुकार होतो. निखाऱ्यावर तूप आणि गोड लापशी सोडायची, गेलेल्या पूर्वजांची नावं घ्यायची. मग मुली पुन्हा ठेवणीतले कपडे घालून रानात फुलं आणायला जातात, गाणी म्हणत. फुलं घेऊन परतल्यावर शेणाचे गोधन घालून ती फुलं त्यावर खोवायची. आणि ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरी जाऊन रडायचं, तेही गाण्यातूनच. बंजारा बायांचं हे सूर धरून रडणं ज्याने ऐकलं आहे त्याला ते विसरता येत नाही. ओवाळणं, फुलं तोडणं आणि रडणं, चोवीस तासांत तिन्ही, त्याच मुलींच्या गळ्यातून. नाताळच्या गाण्यांत मला हे कुठे सापडलेलं नाही.

दिवाळीच्या विरहाला आणखी एक कारण आहे, ते पंचांगातलं नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरचं आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. सोयाबीन विकून देणेकऱ्यांचं भागलं तर भागलं, नाही तर कोयता. ज्यांच्याकडे कोयता नाही ते पुण्या-मुंबईला बांधकामावर. दिवाळी संपता संपता कुटुंबंच्या कुटुंबं ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या घेऊन निघतात. तेव्हा मेऱ्यात दारोदार फिरलेली मुलगी आठवड्याभरात उसाच्या फडात मोळ्या बांधत असू शकते. जगात नाताळची गाणी टिपेला पोचलेली असतात त्या डिसेंबरात यातल्या कित्येक तांड्यांत म्हातारी माणसं, तुरीची राखण आणि कुलपं, एवढंच उरतं.

परत यायचं ते होळीला. कारखाना सुटला नसला तरी होळीला येण्यासाठी माणसं मुकादमाशी भांडतात. तांड्याचं दुसरं गाणं तेव्हा सुरू होतं, लेंगी. मेरा जितका संथ, तितकी लेंगी बेफाम. होळीच्या आधी कुठे पंधरवडा, कुठे महिनाभर रात्री डफ तापवला जातो. शेकोटीजवळ धरून कातडं कडक करायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं, पुन्हा धरायचं. पुरुष गोल धरतात. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. ओळ संपता संपता पावलं वळतात. बाया आल्या की सवाल-जवाब होतो. दीर-भावजयीची थट्टा असते, ती कधी तोल सोडते, आणि त्या दिवसांत तिला मुभा असते. पण लेंगीत सेवालाल महाराज असतात, वसंतराव नाईक असतात, दारू सोडा आणि पोरांना शाळेत घाला हेही असतं. रात्री जे डोक्यात आलं ते ओळीत बसवायचं. लेंगी गाणारा हा वर्तमानपत्र आणि वगातला सोंगाड्या दोन्ही असतो.

बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते, आदल्या संध्याकाळी नाही. त्यानंतर धुंड. गेल्या होळीपासून ज्या घरात मुलगा जन्मला त्या घरापुढे गेरिये, म्हणजे होळीला गाणारे पुरुष, काठ्या घेऊन जमतात, बाळावर कापड धरतात, काठीवर काठी वाजवत त्याला आशीर्वादाचं गाणं म्हणतात. पुढे पुऱ्यांचं भांडं, ते पळवायला धावणारे पुरुष आणि काठीने त्यांना बडवणाऱ्या बाया. मग गेर: बायांनी वाट अडवून फगवा मागायचा. म्हणजे दिवाळीला मुली दारात जाऊन गातात, होळीला पुरुष दारात जाऊन गातात, आणि दोन्ही वेळा दारातल्या माणसाने काही तरी द्यायचं असतं. मुलीच्या जन्माला धुंड नाही, याकडे मात्र काणाडोळा करू नये. काही तांड्यांतल्या शिकलेल्या पोरी हा प्रश्न विचारू लागल्या तर लेंगीतच त्याला ओळ सापडेल, एवढी ती लवचीक आहे.

श्रावणातल्या तीजेबद्दल थोडक्यात सांगतो. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज गात पाणी घालायचं, अंकुर वाढले की गोकुळाष्टमीच्या सुमारास वाजतगाजत विसर्जन. हीदेखील मुलींचीच. तीज आता सार्वजनिक झाली आहे, शहरातल्या बंजारा वसाहतींत मंडप घालून होते. तिला मंचावर जागा मिळाली. मेऱ्याला मिळाली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. कारण पुढे येतं.

या गाण्यांची नोंद कुणी ठेवली? वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवर इंग्रजीत पहिलं तपशीलवार लेखन केलं ते एन. एफ. कंबरलेज यांनी. ते वऱ्हाडच्या पोलीस खात्यातले. लेखन १८६९ च्या सुमाराचं, १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. रसेल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या आपल्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथात बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः त्यावरच उभारलं. काळ बघा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, बैलांच्या लदेणीची गरज संपत गेली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ज्यांचा धंदा गेला त्यांच्यावर नजर ठेवायची होती, म्हणून पोलिसाने माहिती लिहून काढली. गोत्रं, लग्नं, पंचायती, दंड. सगळं त्यात सापडतं. पोलिसाच्या दप्तरात गाण्याला कितीशी जागा मिळणार? या समाजाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याच्या यादीतून मोकळं केलं गेलं, तोवर ऐंशी वर्षं त्यांची ओळख ठाण्यात लिहिली जात होती. समाजातल्या माणसांनी मराठीत लिहिलं ते पुढे. आत्माराम राठोडांचं ‘तांडा’, पंजाबराव चव्हाणांचं ‘याडी’. ही आत्मकथनं वाचली म्हणजे तांड्याचा सण बाहेरून दिसतो तसा नसतो हे कळतं.

ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात बंजाऱ्यांच्या बोलीची, लभाणीची, दखल घेतली. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे सुमारे ३२ लाख ७६ हजार आणि बंजारी सांगणारे सुमारे १५ लाख ८१ हजार होते. दोन्ही आकडे हिंदी या मोठ्या खान्यात मिळवले गेले. अठ्ठेचाळीस लाखांहून जास्त माणसांची बोली स्वतंत्र म्हणून मोजलीच जात नाही. मानोऱ्यातल्या मुलीचा मेरा सरकारी हिशेबात हिंदी गाणं आहे! मराठी शाळेत शिकणारी, घरी हीच बोली, गोरबोली, बोलणारी ही मुलगी हिंदी मातृभाषिक ठरते, याला काय म्हणावं?

पोहरादेवीला रामनवमीची मोठी यात्रा भरते. देशभरातून माणसं येतात, तेलंगण, कर्नाटक, आंध्र इथल्या तांड्यांतूनही. तिथे गाणं नंगाऱ्यावर चालतं, सोबत थाळी. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्यांनी नंगारा वाजवला ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. इमारतही नंगाऱ्याच्या आकाराची आहे. तालुक्याला एवढी देखणी वास्तू मिळाली याचा आनंद आहेच. पण संग्रहालयात ठेवता येतात ती बायांची फेटिया-काचळी, आरशांचं भरतकाम, दागिने, नंगारा. गाणं काचेच्या कपाटात मावत नाही.

मग ते मोबाइलमध्ये मावतं का? लेंगी मावली. गोरबोलीतल्या लेंग्यांची आता यूट्यूबवर रीघ आहे. स्टुडिओत की-बोर्डवर ताल लावलेला, नाचणाऱ्या मुली, ड्रोनने घेतलेला तांडा. होळीला डीजेवर तेच वाजतं. जाणत्यांना ते आवडत नाही. मला त्यात फार वाईट दिसत नाही. लेंगी मुळातच गर्दीची आणि नव्या ओळींची. तिने स्पीकर पचवला. नाताळच्या गाण्यांतही एक अख्खी शाखा अशी बाजारातच जन्मली. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारे आयर्विंग बर्लिन हे रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात बिंग क्रॉस्बीने ते म्हटलं, आणि घरापासून लांब महायुद्धावर असलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं. १९८४ चं ‘लास्ट ख्रिसमस’, १९९४ चं मराया कॅरीचं गाणं, दोन्ही प्रेमाची गाणी, नाताळ निमित्ताला. ती दर डिसेंबरात परत येतात आणि पैसा मिळवतात. त्यांना दाराची गरज नाही.

मेऱ्याला आहे. तो ध्वनिमुद्रित करून डीजेवर लावला तर काहीच होत नाही, कारण त्यात या घरातल्या या माणसाला हाक आहे. रेकॉर्डमधल्या मुलीला कसं कळणार की या घरी आता बापू नाही, आणि ती हाक गिळून पुढच्या नात्यावर जायचं? ते तांड्यातल्या मुलीला कळतं. कुणाच्या घरी थोडं जास्त थांबायचं, कुठे हसायचं, कुठे मान खाली घालायची हे तिला आईने कधी बसवून शिकवलेलं नसतं. गेल्या वर्षी मोठ्या मुलींच्या मागे चालताना तिने ते पाहिलेलं असतं. मंचावर चार ओळींत उभ्या केलेल्या, माइकपुढे मेरा म्हणणाऱ्या मुली गोड दिसतील, पण त्यांच्यासमोर दार नसेल. सांस्कृतिक कार्यक्रमात मेरा येऊ नये असं मी म्हणतो ते यासाठी. लेंगी न्या, तीज न्या. मेरा तांड्यात राहू द्या.

धोका दुसरीकडूनच आहे. मुली शिकायला वाशिमला, अकोल्याला, अमरावतीला वसतिगृहात आहेत, ही चांगली गोष्ट. दिवाळीला त्या येतात. पण मागे चालणाऱ्या लहान मुलींची रांग तुटत चालली आहे. ज्या कुटुंबांना हंगामासाठी दिवाळीच्या आधीच निघावं लागतं त्यांच्या मुलींचं एक वर्ष गेलं की चाल जाते, दोन वर्षं गेली की शब्द. त्यातून गावाकडून येणारा फटाक्यांचा आणि स्पीकरचा आवाज. तांड्यातही अमावस्येला पोरं बॉक्स लावतात, आणि त्या धडधडीत दिव्यांचा घोळका दारात येऊन गाऊन गेला तरी आतल्या म्हातारीला कळत नाही.

म्हणून एक साधी विनंती. मानोरा तालुक्यात, किंवा कुठल्याही तांड्यात, यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री मेरा निघेल तेव्हा तासभर स्पीकर बंद ठेवा. खिशात सुटे पैसे काढून ठेवा. तांड्यातल्या शाळेचे मास्तर किंवा बाई असाल तर दुसऱ्या दिवशी, त्या रात्री नव्हे, एखाद्या जाणत्या आजीजवळ बसून सगळा मेरा तिच्या तोंडून मोबाइलवर उतरवून घ्या. तिची परवानगी घ्या. तांड्याचं नाव, तारीख, तिचं नाव आणि ती माहेरची कुठल्या तांड्याची हे सुरुवातीलाच बोलून ठेवा, कारण चाल ती तिथून घेऊन आलेली असते. त्याची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक पोहरादेवीच्या संग्रहालयात नेऊन द्या. कपाट नको, संगणकावरची एक जागा पुरे.